‘नेट गेलं’ म्हणजे नेमकं कुठून गेलं?

माझं काम हातात मावणाऱ्या यंत्रांचं आहे. एका मोठ्या गोदामातले बारकोड वाचणारे १४० स्कॅनर माझ्या ताब्यात असतात. दिसायला जाडजूड फोन, आतून अँड्रॉइडच. दिवसातून चार-पाच वेळा कुणीतरी माझ्या टेबलावर त्यातला एक ठेवतं आणि म्हणतं, ‘मॅडम, नेट गेलं.’ घरी पोचले की आईचा फोन, मावशीचा टॅब, भाच्याचा हातातला गेम. वाक्य तेच.

त्यावर माझा प्रश्नही ठरलेला: गेलं ते कुठून? हवेतून गेलं, दारावर अडलं, घरात शिरून जागा मिळाली नाही, की जागा मिळाली पण बाहेरचा रस्ता बंद आहे? या चार ठिकाणांपैकी कुठे तुटलंय ते कळलं की दुरुस्ती बहुतेकदा पाच मिनिटांची असते. ते न शोधता सेटिंगमध्ये हात घातला तर तास जातो. माझा गेलाय.

कामाला लागून थोडेच दिवस झाले होते. रात्रपाळीला एक स्कॅनर काही केल्या जोडेना. मी नेटवर्क काढून पुन्हा घातलं, मग नेटवर्कच्या सगळ्या सेटिंग पुसल्या, शेवटी वैतागून फॅक्टरी रिसेट मारला. सगळी अॅप परत चढवण्यात पाऊण तास गेला आणि यंत्र तिथल्या तिथेच. मग सहज लक्ष गेलं तारखेकडे. १ जानेवारी १९७०! बॅटरी पार उतरलेल्या अवस्थेत तो स्कॅनर दोन आठवडे खणात पडून होता, घड्याळ शून्यावर गेलं होतं. आमच्या नेटवर्कवर शिरताना यंत्र सर्व्हरचं प्रमाणपत्र (सर्व्हर खरा असल्याचा, ठरावीक मुदतीचा डिजिटल दाखला) तपासतं, आणि १९७० सालात बसलेल्या यंत्राच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलं नव्हतं. तारीख हाताने घातली आणि ते क्षणात जोडलं गेलं. घरच्या फोनवर हेच वेगळ्या रूपात दिसतं. वायफाय जोडलेलं असतं, पण जी साइट उघडावी ती सुरक्षित नसल्याची पाटी दाखवते. घड्याळ नेटवरून आपोआप जुळतं हे खरं, पण त्यासाठी आधी नेट लागतं ना! म्हणून आता यंत्र हातात आलं की माझी पहिली नजर तारखेवर जाते.

दुसरी नजर शेजारच्या यंत्रावर. त्याच जागी, त्याच नेटवर्कवर दुसरा फोन चालतोय का? चालत नसेल तर तुमच्या हातातल्या यंत्राचा काही दोष नाही, ते खाली ठेवा आणि राउटरकडे जा. त्याची वायर काढा, अर्धा मिनिट थांबा, लावा, आणि पुढची दोन-तीन मिनिटं त्याला हात लावू नका. मोडेम वेगळा असेल तर आधी तो चालू करा, त्याचे दिवे स्थिर झाले की मग राउटर. बाहेरून येणाऱ्या लाइनचा दिवा लाल असेल किंवा लागलाच नसेल, तर पुढचं काम नेट देणाऱ्या कंपनीचं. आईला मी एवढं एकच शिकवलंय, आणि तिचे निम्मे फोन बंद झाले.

दुसरा फोन व्यवस्थित चालत असेल तर आपल्या यंत्राकडे वळायचं. एअरप्लेन मोड चुकून लागलाय का? बॅटरी सेव्हर चालू आहे का? आयफोनवर एक गंमत आहे. वरून खाली ओढून येणाऱ्या पॅनलमधून वायफाय बंद केलं तर रेडिओ खरा बंद होतच नाही, फक्त नेटवर्क सुटतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत तो आपणहून जोडत नाही. ‘संध्याकाळपासून घरचं वायफाय पकडत नाहीये’ ही तक्रार कित्येकदा एवढीच असते. जुन्या यंत्रांवर बाहेरून बटणंही असायची. सोनीच्या पीएसपी या हातातल्या गेमला वायफायचं चक्क सरकतं बटण होतं, आणि खिशातून काढताना ते नेमकं सरकायचं. हे सगळं बघून झालं की यंत्र एकदा पूर्ण बंद करून चालू करा. नुसता पडदा बंद करून उघडणं म्हणजे रिस्टार्ट नव्हे.

आता खरी पहिली पायरी: यादीत नेटवर्कचं नाव दिसतंय का?

नाव दिसतच नसेल किंवा दिसून-दिसून गायब होत असेल तर गोष्ट हवेतली आहे, आणि हवेतले घोटाळे मला सगळ्यात जास्त आवडतात. आमच्या गोदामात तिसऱ्या ओळीत एकदा अचानक सगळे स्कॅनर मान टाकायला लागले. आदल्या आठवड्यापर्यंत तिथे काडीचा त्रास नव्हता. अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय हवेत सोडणारा डबा, तपासला, ठीक. केबल तपासली, ठीक. सुपरवायझर म्हणाला, यंत्रं जुनी झाली, नवीन मागवा. मी रेंज मोजणारा मीटर घेऊन ओळीतून चालत गेले तेव्हा कळलं. आधी त्या रॅकवर कागदी रुमालांची खोकी होती, आता तिथे जमिनीपासून छतापर्यंत पाण्याच्या बाटल्या रचल्या होत्या. पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. आम्ही पाण्याची भिंत बांधली होती आणि नेट पलीकडे होतं. बाटल्या हलवणं शक्य नव्हतं, म्हणून भिंतीच्या अलीकडे आणखी एक अॅक्सेस पॉइंट लावला.

घरात पाण्याची भिंत नसते, पण मासे पाळलेली मोठी टाकी असते, आरसा असतो, लोखंडी कपाट असतं, जाड काँक्रीट असतं. राउटर टीव्हीच्या मागे कोंबलेला असेल तर टीव्हीमागचा पत्राच त्याला झाकतो. माणसाचं शरीरही बहुतांशी पाणीच आहे, तेव्हा राउटरकडे पाठ करून फोन पोटाशी धरला तर रेंज पडते. फोनला धातूचं कव्हर किंवा गाडीत चिकटवायची लोखंडी चकती असेल तर ती काढून बघा. याला पैसे लागत नाहीत, म्हणून बहुधा कुणी करत नाही.

रेंज मोजायची असेल तर पडद्यावरच्या काड्यांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या मर्जीने काढते. वायफाय मोजणारं एखादं अॅप घ्या आणि डीबीएममधला (रेंजच्या ताकदीच्या मापातला) आकडा बघा. तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला नाव दिसतं पण काम होत नाही. हे प्रमाण सरळ रेषेत चालत नाही, हे लक्षात ठेवा. उणे ५० वरून उणे ७० म्हणजे वीस टक्के कमी नव्हे, ताकद शंभरपट कमी.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. नव्यांना तिसरा ६ चाही असतो. २.४ लांब पोचतो आणि भिंतीतून बरा जातो, पण त्याच्यावर गर्दी फार. ब्लूटूथ तिथेच, शेजाऱ्यांचे राउटर तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ वरच चालतो. रोज ठरावीक वेळी नेट अडखळत असेल तर त्या वेळी घरात काय चालू असतं ते बघा. राउटरला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क चिकटून ठेवली असेल तर ती लांब करा. अशा जोडणीतून निघणारा गोंगाट २.४ ला त्रास देतो हे इंटेलने २०१२ सालीच कागदावर मांडलं आहे. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे बोलण्याच्या मार्गिका, तीनच: १, ६ आणि ११. राउटरमध्ये यांपैकी जे रिकामं असेल ते ठेवा. मुद्दाम ३ किंवा ८ घेणारे हुशार लोक दोन्ही बाजूंचा गोंगाट अंगावर घेतात.

नाव इतरांना दिसतं आणि फक्त तुमच्याच यंत्राला दिसत नाही, असं असेल तर दोन शक्यता आधी बघा. एक म्हणजे यंत्र फक्त २.४ वाचतं आणि राउटर त्या नावाने ५ वरच बोलतोय. पीएस व्हीटा, थ्रीडीएस असे जुने हातातले गेम ५ ओळखतच नाहीत. दुसरी म्हणजे चॅनल १२ किंवा १३. जगाच्या बऱ्याच भागांत ते चालतात, अमेरिकेसाठी बनवलेली कित्येक यंत्रं मात्र ११ च्या पुढे ऐकत नाहीत. आमच्याकडे सहा स्कॅनरांची एक पेटी अशी आली होती. राउटर ‘ऑटो’वर होता, रात्री कधीतरी तो १३ वर सरकायचा आणि सकाळी नेमके तेच सहा आंधळे. मी दोन दिवस बॅटऱ्यांना शिव्या देत होते.

५ गिगाहर्ट्झची तऱ्हा वेगळी. त्यातली ५२ ते १४४ ही चॅनल बऱ्याच ठिकाणी रडारबरोबर वाटून घ्यावी लागतात. रडारची चाहूल लागली की राउटरने ते चॅनल दहा सेकंदांत सोडायचं, आणि अशा दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी किमान एक मिनिट नुसतं ऐकत बसायचं, असा नियम आहे. विमानतळाजवळ किंवा हवामान खात्याच्या रडारजवळ राहणाऱ्याचं नेट अधूनमधून मिनिटभर गायब होऊन आपोआप येत असेल, तर राउटरला ३६ ते ४८ मधलं चॅनल द्या.

आणि घरात दोन-तीन अॅक्सेस पॉइंट किंवा मेश (एकमेकांशी जोडलेले, एकाच नावाने चालणारे राउटर) असेल तर ‘चिकटेपणा’ बघा. कोणत्या पॉइंटला धरायचं हे यंत्र ठरवतं, पॉइंट नाही. आयफोन उणे ७० च्या खाली गेल्यावर दुसरा शोधायला लागतो, असं अॅपलने लिहून ठेवलंय. बाकीच्यांचे उंबरठे वेगवेगळे. त्यामुळे तुम्ही नव्या पॉइंटच्या खाली उभे असता आणि यंत्र मात्र जुन्याचं बोट धरून ओरडत असतं. वायफाय बंद करून चालू केलं की ते जवळच्याला धरतं. कायमचा उपाय म्हणजे पॉइंटांची ताकद कमी करणं. लोक उलट वाढवतात, आणि लांबचा पॉइंट आणखीच लांबून ‘मी आहे ना’ म्हणत राहतो.

नाव दिसतंय, दाबलं की पासवर्ड चुकीचा म्हणतं किंवा नुसतं गरगरतं, म्हणजे तुम्ही दारावर आहात. पासवर्ड ‘दाखवा’चा डोळा उघडून एकेक अक्षर वाचा. पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल झालंय? कॉपी करून चिकटवताना शेवटी एक रिकामी जागा आली आहे? आपल्या मराठी कीबोर्डचा एक खास सापळा आहे: इंग्रजी अंकाच्या जागी देवनागरी अंक पडतो. आपल्याला दोन्ही सारखेच, राउटरला मात्र तो परका. मावशीच्या टॅबवर मी वीस मिनिटं याच कारणाने घालवली. पासवर्ड बरोबर असेल तर ते नेटवर्क ‘फरगेट’ करा आणि नव्याने जोडा. राउटरवर पासवर्ड बदलला असेल तर यंत्र मुकाट्याने जुनाच पाठवत असतं.

राउटर नवा आणि यंत्र जुनं असेल तर कुलपाची, म्हणजे वायफायच्या सुरक्षापद्धतीची, जात बघा. डब्ल्यूपीए३ हे कुलूप २०१८ साली आलं, त्याआधीच्या बहुतेक यंत्रांकडे त्याची किल्ली नाही. भाच्याचा गेम राउटर बदलला त्या दिवशीच बंद पडला होता आणि त्याने गेम बिघडला म्हणून रडून घेतलं होतं. राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालतील असा मिश्र पर्याय असतो, तो निवडा. अगदीच हटवादी यंत्रासाठी पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क करून त्यावर नुसतं डब्ल्यूपीए२ ठेवा. मात्र निन्टेन्डोचा मूळ डीएस वेप (डब्ल्यूईपी) या जुन्या कुलपापलीकडचं काही जाणतच नाही, आणि वेप २००४ सालीच मोडीत काढलंय. त्याच्यासाठी घराचं दार उघडं टाकू नका. त्या यंत्राचं ऑनलाइन आयुष्य संपलं असं समजा.

दारावरची आणखी एक अडचण अलीकडची. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन नेटवर्कला आपला खरा मॅक पत्ता (यंत्राच्या वायफायचा कायमचा ओळख क्रमांक) सांगत नाहीत, बनावट सांगतात. गोपनीयतेसाठी चांगलंच आहे. पण राउटरवर ‘एवढ्याच यंत्रांना आत सोडा’ अशी यादी केली असेल तर फोन अपडेट झाल्यावर किंवा नेटवर्क फरगेट केल्यावर तो अनोळखी ठरतो. त्या एका नेटवर्कपुरता खरा पत्ता वापरण्याची सोय दोन्हींत आहे.

तिसरी पायरी आयपी पत्त्याची, म्हणजे आत शिरल्यावर राउटर यंत्राला जो क्रमांक देतो त्याची. अँड्रॉइड ‘आयपी पत्ता मिळवत आहे’वर अडकतो, आयफोनवर नेटवर्कच्या नावाशेजारच्या ‘आय’वर दाबलं की पत्ता दिसतो, तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेला नाही, यंत्राने आपलाच ठोकून दिलाय. आमच्याकडे पाळी बदलताना हे व्हायचं. राउटरकडे वाटायला मोजकेच पत्ते, आणि तेच नेटवर्क लोकांचे खासगी फोनही वापरायचे. पाळी संपवून निघून गेलेले फोन चोवीस तास आपापले पत्ते अडवून बसायचे आणि नव्या पाळीच्या स्कॅनरांना जागा नाही. फोनांना वेगळं नेटवर्क दिलं, पत्त्याची मुदत आठ तासांवर आणली, प्रकरण संपलं. घरी सहसा राउटर रिस्टार्ट केला की पुरतं. कुणीतरी कधीकाळी यंत्रात पत्ता हाताने घालून ठेवला असेल तर तो काढून ‘आपोआप’ करा.

पत्ता मिळाला, चिन्हही आहे, पण ‘इंटरनेट नाही’. इथे मी ब्राउझरमध्ये १.१.१.१ हा एका सार्वजनिक सर्व्हरचा पत्ता इंग्रजी अंकांत टाकते. पान उघडलं, किंवा निदान टाकलेल्या अंकांच्या जागी साइटचं नाव आलं, आणि नावाने साइट उघडत नसतील, तर रस्ता आहे, फक्त नावांची वही हरवली आहे: डीएनएस बिघडलंय. अँड्रॉइडवर ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधा आणि ते ‘आपोआप’वर ठेवा. जाहिराती थांबवायला कुणीतरी तिथे एखादा सर्व्हर घालून ठेवलेला असतो आणि तो बंद पडलेला असतो. १.१.१.१ कडूनही काहीच उत्तर आलं नाही तर व्हीपीएन (सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं अॅप) बंद करून पुन्हा बघा. हॉटेल-विमानतळावर जोडलं जातं पण चालत नाही, तेव्हा बहुधा लॉगिनचं पान वर आलेलं नसतं. एचटीटीपीएस नसलेला, साधा एचटीटीपी पत्ता उघडला की ते डोकं वर काढतं.

एवढं सगळं करूनही सुटलं नाही तरच नेटवर्क सेटिंग रिसेट करा. अँड्रॉइडवर ते सिस्टिममधल्या रिसेटच्या पर्यायांत आहे, आयफोनवर ‘जनरल’मध्ये अगदी खाली. त्याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि बऱ्याच यंत्रांवर ब्लूटूथच्या जोड्याही जातात, म्हणून आधी लिहून घ्या. फोटो, अॅप यांना धक्का लागत नाही.

त्यानंतर उरतं ते लोखंड. वायफायचं बटण राखाडी होऊन दाबलंच जात नसेल, किंवा राउटरला टेकवल्यावरच नेट येत असेल, तर आत काहीतरी सुटलंय. माझी कसोटी सोपी: त्याच जातीची दोन यंत्रं एकाच टेबलावर शेजारी ठेवायची आणि आकडे बघायचे. चार-पाच डीबीएमचा फरक मी मनावर घेत नाही. वीसचा फरक आला की अँटेनाची केबल. ती दोऱ्याएवढी बारीक असते, टोकाला टिचकी बटणासारखी दाबून बसवलेली, आणि यंत्र कोपऱ्यावर आपटलं की पहिली तीच निसटते. स्कॅनर असेल तर मी स्वतः उघडते. फोन चिकटवून बंद केलेला असतो, तो उघडू नका. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंगला न लावता तसाच दुरुस्तीला द्या.

आणि देताना चिठ्ठीवर ‘नेट चालत नाही’ एवढंच लिहू नका. आमच्याकडून जाणाऱ्या चिठ्ठीवर असं असतं: ‘नेटवर्क दिसतं. दोन मीटरवर उणे ७४, शेजारच्या यंत्रावर उणे ४८. पत्ता मिळतो. ब्लूटूथचीही रेंज कमी. मंगळवारी शिडीवरून पडला.’ अशी चिठ्ठी गेली की यंत्र फॅक्टरी रिसेट होऊन जसंच्या तसं परत येत नाही.